पट्टी गुपचूप उतरवली आणि अक्का गायची थांबली

पत्र

माझं वय 66, अक्काचं 71. आम्ही मूळच्या नगरच्या. पप्पा चर्चच्या गायनसंघात पेटी वाजवायचे. मी अकरा वर्षांची असताना त्यांनी अक्काला पहिला आवाज, म्हणजे मूळ चाल, दिला आणि मला सेकंड, म्हणजे तिच्या जोडीने खालून म्हणायचा वेगळा सूर. मला ते भिंतीकडे तोंड करून बसवायचे, अक्काची चाल कानात शिरू नये म्हणून. तेव्हापासून पंचावन्न वर्षं हीच वाटणी. नाताळ, ईस्टर, लग्नं, माती, सगळीकडे आम्ही दोघी. पहिला आवाज कधी माझ्या वाट्याला आला नाही, त्याचं काही नाही म्हणा.

अक्का नगरलाच असते, मी पुण्यात. गेली तीन वर्षं तिचा वरचा सूर फुटतो. गेल्या नाताळात मी पेटीवाल्या मुलाला आधीच सांगून पट्टी (ज्या सुरावर गीत उभं राहतं ती) पांढरी चारवरून काळी दोनवर, म्हणजे दोन घरं खाली, आणली. अक्काला बोलले नाही, वाईट वाटेल म्हणून. पहिलं कडवं तर छान झालं. दुसऱ्या कडव्याला ती थांबली, वही मिटली आणि बाकावर जाऊन बसली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आता तू दुसरी कोणी बघ." नंतर मी व्हिडिओ कॉलवर तिला गायला लावून पाहिलं, तर ती सारखी मागे पडते. म्हणते, "बघ, आता तालही गेला."

फेब्रुवारीत तिच्या नातीचं लग्न आहे. पोरीचा हट्ट आहे की पणजोबांनी बसवलेलं गीत दोघी आज्यांनीच गायचं. अक्काला कशी तयार करू?

– एक सेकंडवाली, पुणे

उत्तर

ताई, आवाज गेला म्हणून अक्का थांबली, असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही. पहिलं कडवं छान झालं, हे तुम्हीच लिहिलंय. आवाजाने दगा दिला असता तर पहिल्या कडव्यातच दिला असता.

त्या पहिल्या कडव्यात काय झालं असेल, ते मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. पंचावन्न वर्षं एकाच पट्टीत म्हटलेलं गीत गळ्याला पाठ असतं. कानाआधी गळ्याला कळतं की सूर नेहमीच्या जागी नाही. अक्काला पहिल्याच ओळीला कळलं असणार. तिने आधी पेटीवाल्या पोराकडे पाहिलं असेल, चुकला की काय म्हणून. मग तिने तुमच्याकडे कान लावला असेल. पट्टी चुकून उतरली असती तर तुम्हीही अडखळला असता. तुम्ही अडखळला नाहीत. तुमचा सेकंड खालच्या पट्टीत बिनचूक लागला, आणि तिथेच तिला सगळं समजलं. कडवं तिने पुरं केलं, कारण अर्ध्यात गीत सोडायची पप्पांची शिकवण नसणार. मग वही मिटली.

म्हणजे ती रुसलीय ती तुमच्या कीव करण्यावर. तुम्ही पेटीवाल्या मुलाला विश्वासात घेतलं आणि जिच्याबरोबर अर्धशतक गायलात तिला घेतलं नाही. राग येईल हो, मलाही आला असता.

तेव्हा पहिलं काम गाण्याचं नाही. एसटीत बसा आणि नगरला जा. (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण पत्रात तुम्ही नगर लिहिलंय, तेच बरं.) फोनवर हे बोलू नका. समोर बसून म्हणा, "अक्का, पट्टी मी उतरवली. तुला विचारायला हवं होतं." इतकंच. "तुझ्यासाठीच केलं गं" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. त्या एका वाक्याने माफीची पुन्हा कीव होते. अक्का काही बोलली नाही तर चहा प्या, तिच्या हातचं जेवा, मुक्काम करा. गीताचा विषय दुसऱ्या दिवशी.

आता आवाजाचं. पाळी गेल्यानंतर बायकांच्या स्वरतंतूंना थोडी जाडी येते आणि आवाज खाली सरकतो. पुढे वयाबरोबर त्यांचे स्नायू सैल पडतात आणि श्वासही तोकडा होतो. आधी जातात ते वरचे सूर. खालचे बहुतेकींचे टिकतात, काहींचे तर पूर्वीपेक्षा भरदार होतात. गायनसंघातल्या बायका याला "आवाज बसला" म्हणतात आणि गप्प होतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता चीड येते. आवाज बसलेला नसतो, त्याने घर बदललेलं असतं. एक खबरदारी मात्र घ्या: आवाज चार आठवड्यांहून जास्त सलग घोगरा राहिला, किंवा गिळताना-बोलताना दुखत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने घसा तपासून घ्या. त्याच फेरीत कानही तपासून घ्या. ऐकू कमी आलं की माणूस सूर ढकलून लावतो आणि दोष गळ्याला देतो. पुढे श्रवणयंत्र लागलंच, तर गाण्यासाठी वेगळी सेटिंग मागून घ्या. बोलण्यासाठी लावलेलं यंत्र लांब धरलेल्या सुराला शिट्टी समजून दाबायला बघतं.

पट्टी उतरवण्याबद्दलही बोलायला हवं, कारण तुमचा उपाय तसा गैर नव्हता, अर्धवट होता. बाईच्या आवाजात छातीतला आवाज संपून डोक्यातला सुरू होतो, तिथे एक सांधा असतो. वय वाढलं की तो सांधा जास्त कुरकुरतो. चाल दोन घरं खाली आणली की वरचा कठीण सूर सोपा होतो, पण एरवी सांध्याच्या वर आरामात बसणारे मधले सूर नेमके सांध्यावर येऊन बसू शकतात. मग एक फट बुजवायला गेलं की दुसरी पडते. कुठली पट्टी बरी, हे गाणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरत नाही. पेटीवाल्याला विचारून तर नाहीच नाही.

आणि तो व्हिडिओ कॉल! ताई, कृपा करून तो प्रयोग बंद करा आणि अक्काला आजच सांगा की ताल तिचा गेलेला नाही, फोनचा गेलाय. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. तुम्ही दोघी दहा मीटर अंतरावर उभ्या राहिलात तर एकीचा सूर दुसरीपर्यंत पोचायला सुमारे 30 मिलिसेकंद लागतात, आणि एकत्र गाण्याची मर्यादा साधारण तिथेच येते. व्हिडिओ कॉलवर हा उशीर सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे तुम्ही जणू पन्नास-साठ मीटरवरून, मैदानाच्या दोन टोकांना उभ्या राहून गाताय. तुम्ही तिचं ऐकून गाता, ती तुमचं ऐकून थांबते, आणि दोघी एकमेकींची वाट बघत गीत बैलगाडीच्या चालीवर नेता. जगातल्या कुठल्याही दोन गायिकांचं हेच होईल. 71 वर्षांच्या बाईने त्यावरून स्वतःला निकालात काढावं, हे फारच झालं. लांबून करायचंच असेल तर एकीने आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा आणि दुसरीने इअरफोन लावून त्याच्यावर गायचं. ते जमतं.

आता मुख्य गोष्ट.

तुम्ही विचारलंत, अक्काला पहिला आवाज गायला कशी तयार करू. मी म्हणते, करू नका. पहिला आवाज तुम्ही घ्या आणि अक्काला सेकंड द्या.

लगेच नाही म्हणू नका, आधी ऐका. आपल्याकडचं गाणं एका धाग्याचं. राग असो, लावणी असो, अभंग असो, चाल एकच असते आणि सगळे मिळून तीच म्हणतात. जात्यावर दोघी बसायच्या, एक ओवी उचलायची आणि दुसरी झेलायची, पण सूर तोच. बॉम्बे सिस्टर्स म्हणून गाजलेल्या सी. सरोजा आणि सी. ललिता या मुंबईत वाढलेल्या बहिणी पन्नासहून जास्त वर्षं कर्नाटक संगीत एकत्र गायल्या, 2020 मध्ये दोघींना मिळून पद्मश्री मिळाली, आणि त्यांची ख्याती कशाची, तर दोन गळ्यांतून एकच आवाज यायचा याची. 2023 च्या जानेवारीत धाकट्या ललिताबाई गेल्या. त्यांच्या गाण्यात पहिली कोण आणि दुसरी कोण, हा प्रश्नच नव्हता.

दोन वेगळे सूर एका वेळी लावून त्यांचा मेळ घालायचा, ही रीत इकडे रुजली ती मुख्यतः चर्चमधून. गोव्यात मांडो अजून तसाच दोन आवाजांत म्हणतात, घुमट हे मातीचं वाद्य आणि व्हायोलिन यांच्या साथीवर. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं. त्यांच्यासोबत आलेल्या परदेशी चालींना चारही आवाज कागदावर लिहिलेले होते. पण आपली खरी आवडती गीतं निराळी. ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरला राहून त्यांनी भजनाच्या, अभंगाच्या वळणाची गीतं लिहिली. तशा देशी चालीला सेकंड कुठून येणार? तो लिहिलेलाच नसतो. गीताच्या पुस्तकात शब्द असतात, फार तर वर रागाचं किंवा चालीचं नाव. सेकंड कुणीतरी पेटीवर बसून, कानाला गोड लागेल तसा, एका पोरीच्या गळ्यात घालतो.

तुमच्या पप्पांनी तेच केलं. आणि ज्या पोरीच्या गळ्यात घातला ती तुम्ही. अक्काची चाल साऱ्या मंडळीला येते. ती उद्या गायली नाही तर दहा जणी म्हणतील. तुमचा सेकंड मात्र एकट्या तुम्हाला येतो. पप्पांची वही असेलच तर तिच्यात तो नसणार, मी पैज लावते. पणजोबांनी बसवलेलं गीत म्हणून पोर हट्ट धरून बसलीय, त्यात पणजोबांचं जे स्वतःचं आहे ते म्हणजे तुमचा सेकंड. आणि अक्काने तो पंचावन्न वर्षं शेजारी उभं राहून ऐकलाय, पण शिकलेला नाही.

म्हणून नगरला दुसऱ्या दिवशी तुम्ही अक्काला गळ घालायची ती ही: "अक्का, पप्पांचा सेकंड शिकून घेतेस का?" यात कीव नाही. यात तिला काम आहे, आणि चांगलंच अवघड काम आहे. पहिला आवाज गाणाऱ्याला वाटत असतं की सेकंड म्हणजे चालीच्या खालून चालणारी सावली. ती सा म्हणाली की हिने खालचा ध, ती रे म्हणाली की हिने नी, झालं. तसं नसतं हे तुम्हाला मी काय सांगायचं. कुठे दोघींतलं अंतर मोठ्या तिसऱ्याचं (पेटीवरची चार घरं), कुठे लहान तिसऱ्याचं (तीन घरं). ओळ संपताना चाल घरी येते तेव्हा सेकंडला वाट बदलावी लागते. आणि मधेच अशी जागा येते की चाल वर-खाली नाचतेय आणि सेकंडने एकाच सुरावर पाय रोवून उभं राहायचंय. ती जागा पहिल्या आवाजवालीला हमखास सुटते. अक्का चालीकडे घसरेल. पुन्हा घसरेल. पंचावन्न वर्षांची सवय आहे.

शिकवायची पद्धत तुम्हाला पप्पांनी दाखवूनच ठेवलीय. तिला भिंतीकडे तोंड करून बसवा. हसेल ती. हसू द्या, त्या हसण्याची तुम्हा दोघींना नाताळापासून गरज आहे. आधी सेकंड हे एक स्वतंत्र गीत आहे असं समजून, शब्दांशिवाय नुसत्या "आ"वर बसवा. चाल अजिबात ऐकवू नका. तो एकटा चुकल्याशिवाय म्हणता आला, की मग तुम्ही हळूच, गुणगुणल्यासारखी चाल सुरू करा. ती घसरली तर थांबू नका, एका कानात बोट घालून पुढे जायला सांगा. सुरुवात पहिल्या ओळीपासून करायची गरज नाही. जिथे सेकंड एका सुरावर थांबतो तिथून करा. ती जागा एकदा धरता आली की बाकीचं तिच्या कानावर इतकी वर्षं पडलेलंच आहे.

पेटी मात्र या दिवसांत बंद ठेवा. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीस वर्षं टिकली. ती बंदी मला कधीच पटली नाही. पण तिच्या मागचं दुखणं खरं होतं. पेटीचे सूर सोयीसाठी सारख्या अंतरांवर बसवलेले असतात, आणि तिचा शुद्ध गंधार (ग) खऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याने चढा असतो. एकटं गाताना ते खपून जातं. दोघींनी सा आणि ग लांब धरले की ते खटकतं. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा. खर्जाची तार नीट जुळलेली असली की तानपुऱ्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी न वाजवता. अक्काला सा धरायला सांगा, तुम्ही तो ऐकू आलेला गंधार धरा. दोन आवाजांमध्ये आधी एक थरथर जाणवेल. एकीने केसभर सूर सरकवला की ती थरथर थांबते आणि खोली भरल्यासारखी वाटते. बहिणींना हे लवकर सापडतं. गळ्याची ठेवण जवळची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अ, आ, ओ हे स्वर दोघी एकाच घरात, एकाच आईच्या तोंडून शिकलेल्या. दोन परक्या गायिकांना ओठांचा आकार जुळवायला महिने लागतात.

आवाज मोकळा करायला रोज पाच मिनिटं बारीक स्ट्रॉ तोंडात धरून तिच्यातून सूर काढायचा, खालून वर आणि वरून खाली. घशावर जोर न येता तंतू कामाला लागतात. नातवंडं चेष्टा करतील. करू देत.

पट्टी अक्का ठरवेल. कदाचित काळी दोनच ठरवेल! तेव्हा तुम्ही तोंड बंद ठेवायचं.

आता तुमच्याबद्दल. "पहिला आवाज कधी माझ्या वाट्याला आला नाही, त्याचं काही नाही म्हणा." अक्काबद्दलच्या एवढ्या मोठ्या पत्रात हे एक वाक्य तुमचं स्वतःचं आहे, आणि ते लिहून तुम्ही तातडीने पुढच्या मुद्द्याला गेलात. काही आहे, ताई. असू दे की. धाकटीला जे मिळालं ते तिने इतकं चांगलं केलं की तिला दुसरं काही हवं असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही. पण ही हौस अक्काला आधी सांगा, गायला बसायच्या आधी. नाहीतर तिला वाटेल, हिने आधी पट्टी काढली, आता जागाही काढतेय. "मला एकदा चाल म्हणायचीय, आणि तू खाली असशील तरच मला धीर येईल," असं सांगितलंत तर खोटंही होणार नाही. पहिल्या दिवशी तुम्हीही चुकाल, बरं का. गळा सवयीने खालचा सूर शोधेल. चालीत लपायला जागा नसते, हे अक्काला पंचावन्न वर्षं माहीत होतं, तुम्हाला आता कळेल.

आणि ती नाहीच म्हणाली तर? लग्नात गाण्याची जबरदस्ती करू नका. नातीला मी सांगितलं म्हणून सांगा, आजीचा गळा तिच्या लग्नाच्या पत्रिकेवर छापलेला नाही. पण सेकंड शिकवायचा राहू देऊ नका. अक्काला नको असेल तर त्या नातीला शिकवा, हट्टी आहे म्हणजे चिकाटी असणार. गायनसंघात कुणी तरुण मुलगी असेल तर तिलाही शेजारी बसवा.

काहीही ठरो, नगरच्या त्या मुक्कामात एक रेकॉर्डिंग करा. लग्नाच्या दिवशी नको, तेव्हा पंखे, पोरं आणि कॅमेरेवाले असतात. दुपारी, दार लावून, दोघीच. एकदा जुन्या वाटणीने, अक्काला झेपेल त्या पट्टीत, सूर फुटला तरी चालेल. एकदा नव्या वाटणीने. फोन दोघींच्या बरोबर मधे ठेवू नका. सेकंड जी म्हणत असेल तिच्याकडे हातभर सरकवून ठेवा. चाल कुठूनही ऐकू येते.